बजाबाईचं उसनं दुखणं

मेंढरांमागं जन्म काढलेल्या बाईला खोटं बोलता येत नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं बजाबाईला पाहिलेलं नाही. कुणाच्या कडवळात कळप शिरला आणि मालक बोंबलत बांधावर आला, की ही कपाळावर पदर ओढून साळसूदपणे सांगायची, "आत्ताच शिरली बगा दादा, तोंड सुदिक लावलं न्हाय." आणि मागं मेंढरं तोंडं हलवत उभी! मालक दोन शिव्या घालायचा, हसायचा आणि वाटेला लागायचा. पण ते खोटं रानातलं, घटकाभराचं. सख्ख्या नवऱ्याशी, दर शनिवारी, भरल्या वर्गात उभं राहून खोटं बोलायचं म्हणजे निराळीच छाती लागते. ती बजाबाईनं साठीला टेकल्यावर कमावली.

त्याचं झालं असं, की तिचा नवरा बसला.

कोंडीबा हा काही बसणारा माणूस नव्हे. सांगोल्याकडच्या माळावर उभा जन्म पायावर काढलेला धनगर तो. जेवायचासुद्धा उभ्यानं, एक डोळा भाकरीवर आणि एक डोळा कळपावर ठेवून. पण पुढं गुडघे कुरकुरायला लागले, ज्या माळावर चरायचं तिथं सोलरच्या काचा उभ्या राहिल्या, आणि मुलगा बिरुदेव म्हणाला, "आबा, आता बास. सोलापूरला चला." कळप चुलतभाऊ भिमानं घेतला. मेंढरं टेम्पोत चढली त्या दिवशी कोंडीबा पाठमोरा उभा राहून चुन्याची डबी शोधत होता, आणि डबी त्याच्या हातातच होती.

जुळे सोलापुरात बिरुदेवचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. फ्लॅटला बाल्कनी, बाल्कनीत प्लॅस्टिकची खुर्ची. कोंडीबा त्या खुर्चीत बसला तो बसलाच.

आधी घरच्यांना वाटलं, दमलाय बिचारा. मग वाटलं, रुसलाय. ताट पुढं ठेवलं तर दोन घास खायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. बोलणं म्हणाल तर "हं". पाऊस आला, "हं". नातीचा दात पडला, "हं". एका संध्याकाळी मात्र तो खालच्या रस्त्याकडं बघत पुटपुटला, "माझं काय काम हाय आता हितं?" हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. बजाबाई मागं उभी आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत हातातनं निसटत चाललाय, हे तिला त्या संध्याकाळी पुरतं कळलं आणि तिची झोप उडाली.

बिरुदेवनं डॉक्टरचं नाव काढून बघितलं. कोंडीबा उसळून म्हणाला, "मी काय येडा हाय?" आणि त्यानंतर "हं" सुद्धा बंद झालं.

मग एक दिवस सून सुकन्या बालवाडीतनं आली ती फोन पुढं धरूनच. "आत्या, हे बघा. मनाच्या दुखण्यावरचे कोर्स. आसरा चौकाच्या अलीकडं वाचनालय आहे ना, त्याच्या वरच्या खोलीत. दर शनिवारी. झोप कशी लावायची, काळजीला कसं आवरायचं, दिवस कसा भरायचा, असलं सगळं शिकवतात. कोर्सचं नाव 'बरं होताना'. फुकट आहे."

"फुकट?" बजाबाईनं डोळे बारीक केले. "म्हंजे शेवटाला भांडी विकत्यात का काय?"

तिचं चुकलं नव्हतं. मागं असंच फुकट गुडघेतपासणीला म्हणून गेली होती, ती कंबरेचा पट्टा गळ्यात घेऊन आली होती.

"काही विकत नाहीत हो," सुकन्या म्हणाली. "मामांना न्यायला पाहिजे. पण येणार कसे?"

कोर्सला यायचं तर आधी आपल्याला काही झालंय हे मान्य करायला पाहिजे. कोंडीबा ते या जन्मी मान्य करणार नव्हता. पण बजाबाईनं नवऱ्याचा स्वभाव कोळून प्यायलेला होता. हा माणूस स्वतःसाठी पाऊल उचलणार नाही, पण कुणी सोबत मागितली तर नाही म्हणणार नाही. त्यांच्याकडची रीतच तशी. दवाखान्यात असो, कचेरीत असो, एकट्यानं कुणी जायचं नाही. एकाचा दात उपटायचा असला तरी चौघं सोबतीला जाऊन बाकावर बसतात, आणि त्यातला एखादा आपलाही दात दाखवून घेतो.

शनिवारी दुपारी ती बाल्कनीच्या दारात कपाळाला हात लावून बसली. "अवो, मला लई कसंतरी हुतंय. मनाचंच हाय म्हनं. सुकन्यानं कोर्साला नाव घातलंय माझं. पर मला त्यो रस्ता घावायचा न्हाय. सोबतीला येता का?"

कोंडीबानं मान वळवली. बऱ्याच दिवसांनी त्यानं तिच्याकडं सरळ बघितलं. मग उठला आणि पटका बांधायला लागला.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत गोलात खुर्च्या मांडल्या होत्या. शिकवायला दोघं होते. एक वैजयंती मॅडम. हे शास्त्र शिकून आलेल्या, हळू आवाजात बोलणाऱ्या आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत खरोखर थांबणाऱ्या. दुसरा विरुपाक्ष. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. काही वर्षांपूर्वी हा गडी दुकानाचं शटर आतून ओढून दिवस दिवस अंधारात बसायचा. एक शिकलेली आणि एक सोसलेला, अशी जोडीनं शिकवायची तिथली पद्धत होती.

"इथं कुणाला औषध देत नाही," विरुपाक्ष म्हणाला. "औषध डॉक्टरकडं. मी अजून गोळी घेतो, बीपीवाला घेतो तशी. इथं आपण फक्त एकमेकांकडनं शिकायचं. आणि इथलं बोलणं जिना उतरून खाली जाणार नाही." मग त्यानं बजाबाईकडं बघितलं. "मावशी, कोर्स कुणाला करायचाय?"

"मला."

"आणि आप्पा?"

"सोबत," कोंडीबा दारातनंच म्हणाला.

"मग सोबतीनं पण आत बसायचं. बाहेर बसायला बाक नाही आपल्याकडं."

कोंडीबा आत आला आणि भिंतीकडची खुर्ची धरून बसला. शेजारी अक्कलकोटकडचे चनबसप्पा म्हणून एक पेन्शनर होते. ते कानडी हेल काढून म्हणाले, "मीबी सोबतच आलतो की हो पहिल्यांदा. बायकूच्या." बायको कुठाय, असं कोंडीबानं नजरेनंच विचारलं. "ती घरी. तिला काय झालंय?" चनबसप्पा म्हणाले आणि खो खो हसले. कोंडीबाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मग वैजयंती मॅडमनी विचारलं, "बजाबाई, सांगावंसं वाटलं तर सांगा. काय होतंय?"

झाली का पंचाईत! सोबत आणायची एवढंच तिनं ठरवलं होतं. इथं दुखणं तोंडानं सांगावं लागेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पंधरा डोळे तिच्याकडं लागलेले, कारण एका आजोबांचा एक डोळा झाकलेला होता. तिनं भिंतीकडं बघितलं. तिथं तिचं दुखणं पटका बांधून बसलं होतं. मग काय, तिनं तेच बघून बघून सांगायला घेतलं.

"जेवनाला चव लागत न्हाय. माती खाल्ल्यावानी वाटतंय. पहाटं चारलाच जाग येती, आन कळप सुटला का बगावं म्हनून उठावंसं वाटतंय. मग ध्यानात येतंय, कळपच न्हाय. पोराच्या घरात पाव्हण्यावानी वाटतंय. खुर्चीत बसलं की खुर्ची सोडत न्हाय." तिला दम लागला. "आन वाटतंय, आपलं काय काम हाय आता हितं?"

कॉलेजातली एक पोरगी डोळे पुसत होती. कोंडीबा बायकोकडं बघत राहिला होता. एवढं दुखणं घेऊन ही बाई रोज भाकऱ्या थापते आणि आपल्याला पत्ता नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. बजाबाईला मनातनं कसनुसं झालं, पण आता माघारी फिरायची सोय नव्हती.

सुटताना विरुपाक्षनं सोबतीला आलेल्यांना काम दिलं. रोज आपल्या माणसाला बाहेर घेऊन जायचं. रोज एकदा विचारायचं, आज कसं वाटतंय. आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसायचं, उपदेश करायचा नाही.

गप्प बसायला तर कोंडीबाला येतच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बजाबाईला जाग आली ती डोळ्याची खालची पापणी कुणीतरी ओढतंय म्हणून. बघते तर कोंडीबा वाकून तिच्या डोळ्यातला लाल रंग बघतोय! मग त्यानं कान चाचपले, गार आहेत का गरम. "हं," तो म्हणाला. "ताप न्हाय. ऊठ. चल."

"कुटं?"

"बाहीर. मास्तरनं सांगितलंय."

आजारी मेंढीला जे जे करायचं ते ते त्यानं बायकोला करायला घेतलं. दुसरं त्याला येतच नव्हतं. जेवताना तो तिच्या जबड्याकडं टक लावून बघायचा, नीट चावतीये ना. पाण्याचा तांब्या हातात आणून द्यायचा आणि संपेपर्यंत समोरून हलायचा नाही. ती कुशीवर वळली की उठून बसायचा. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत नेलं, पुढच्या दिवशी मंदिरापर्यंत, आणि बघता बघता तिला रोज संभाजी तलावापर्यंत चालवत न्यायला लागला. गुडघे गेले म्हणून कळप विकणारा हाच तो माणूस! तो पुढं निघायचा आणि बजाबाई मागं, "अवो, जरा दमानं की!" म्हणत. वाटेत ओळखी व्हायला लागल्या. तलावाकाठी कणसं भाजणारी बाई त्याला रामराम घालायची. एका सकाळी त्यानं एका पोराच्या शेळीचा लंगडा पाय दगडावर बसून बघून दिला. त्या दिवशी घरी येऊन त्यानं भाकरी मागून घेतली. मागून! सुकन्यानं स्वयंपाकघरातनं सासूला डोळा घातला.

आणि संध्याकाळी तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसायचा. "आज कसं वाटतंय?"

बजाबाई मग काहीबाही सांगायची. तो ऐकायचा. मधे बोलायचा नाही, उठायचा नाही. संसाराला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं तिचं बोलणं असं कधी ऐकून घेतलं नव्हतं. खोटं सांगताना तिला लाज वाटायची आणि संध्याकाळ झाली की ती त्या खुर्चीची वाटही बघायची. दोन्ही खरं.

असे बरेच शनिवार गेले. वर्गात एकदा विषय निघाला, घरात दिवस कसा जातो. बजाबाईची पाळी आली. आता ती चांगली सरावली होती. नवऱ्याच्या खुर्चीचं, बाल्कनीचं, सगळं आपलं म्हणून रंगवून सांगितलं आणि बोलता बोलता म्हणाली, "दिसभर हाका मारती मी. च्या झाला म्हनून, जेवान झालं म्हनून. ओ येत न्हाय. मग तिन्हीसांजेला माझा मलाच आवाज नको वाटतोय. वाटतंय, मी हाय का न्हाय ह्या घरात?"

बोलली आणि थबकली. हे कुठून आलं, तिचं तिलाच कळलं नाही. एकदा तोंड सुटलं की असं होतं, असं म्हणून तिनं विषय झटकून टाकला आणि पाणी प्यायला उठली.

इकडं तिचे पाय मात्र भरून यायला लागले. तलावापर्यंत जाऊन येऊन पोटऱ्यांचे गोळे व्हायचे. शिवाय कोंडीबा आता माणसात आला होता, नातीला खांद्यावर घेत होता. तेव्हा बजाबाईनं विचार केला, झालं आपलं काम. एका सकाळी ती म्हणाली, "अवो, मला आता बरं वाटतंय. समदं गेलं."

"व्हय?" कोंडीबाचा चेहरा उजळला. "लई बेस झालं." आणि तो जाऊन बाल्कनीत खुर्चीवर बसला.

दुपारी तिथंच. संध्याकाळी तिथंच. जेवायला हाक मारली तर "हं".

बजाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. आजारी राहावं तर पाय जातात आणि बरं व्हावं तर नवरा जातो! दुसऱ्या दिवशी पहाटे ती कण्हत उठली. कोंडीबा ताडकन उठून पापणी ओढायला आला.

आता हे किती दिवस चालायचं? चाललंही असतं, पण कोंडीबाच पुढं गेला. चालून, ऐकून, बाईचं दुखणं हटत नाही म्हणताना त्यानं विरुपाक्षला गाठलं, सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर कधी बसतात ते विचारून घेतलं, आणि सोमवारी सकाळी पांढरं धोतर नेसून, नवा पटका बांधून दारात उभा राहिला. "चल. गोळ्या घिऊ. त्यात लाज कसली? विरुपाक्ष घेतोय की."

बजाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. स्वतःसाठी डॉक्टरचं नाव काढलं तर उसळणारा हा माणूस तिच्यासाठी पटका बांधून उभा होता. याच्या दुखण्याच्या गोळ्या ही कशा गिळणार? आणि डॉक्टरसमोर ही काय सांगणार? वर्गात रेटलं ते निराळं. तिला एकदम रडू फुटलं.

"अवो, मला काय झाल्यालं न्हाय. कोर्सात सांगितलं ते समदं तुमचं हुतं. तुमास्नी न्यायचं म्हनून माझं म्हनून सांगितलं. मी खोटं बोलले."

कोंडीबा उंबऱ्यावर तसाच उभा राहिला. "तव्हापासनं?"

"व्हय."

"त्या समद्या लोकांपुढं माझं दुखनं बोलत व्हतीस, आन मी तितंच बसून मुंडी हलवत व्हतो?"

कोंडीबानं पटका सोडला, घडी करून खुंटीला लावला आणि बाल्कनीत जाऊन बसला. त्यानं दार ओढून घेतलं. ते दार तोवर कधी कुणी ओढलेलं नव्हतं.

"आत्या, निदान खरं तरी बोललात," सुकन्या म्हणाली.

"खऱ्याचं काय लोनचं घालू?" बजाबाई तिच्यावर खेकसली आणि मग पदरात तोंड खुपसून रडली. हाताशी आलेला माणूस तिनं आपल्याच तोंडानं घालवला होता. तो आठवडा घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

शनिवार आला. कोर्सला जायचा प्रश्नच नव्हता. दुपारी तिनं चहा केला आणि बाल्कनीच्या दारापाशी जाऊन हळूच म्हणाली, "अवो, च्या." ओ आली नाही. त्यात नवल नव्हतं. तिनं दार लोटलं. खुर्ची रिकामी होती.

मोरीत नव्हता, आतल्या खोलीत नव्हता. दारातल्या चपला नव्हत्या.

कपबशी तिनं कुठं ठेवली, देव जाणे. जिना उतरून ती रस्त्याला लागली ती थेट तलावाच्या दिशेनं. का तलावाकडं, हे तिनं मनातसुद्धा उच्चारलं नाही, फक्त पाय उचलत राहिली. नेहमी "दमानं" म्हणणारी बाई त्या दिवशी निम्म्या वेळात काठावर पोचली. कणसंवालीला विचारलं, तर ती म्हणाली, "न्हाई बाई, आज न्हाई आले आप्पा." बजाबाई कठड्याला धरून पाण्याकडं बघत उभी राहिली. पाणी आपलं शांत होतं, दोन बदकं फिरत होती. तिला देवाचं नावसुद्धा आठवेना.

कंबरेला खोचलेला फोन वाजला. सुकन्या होती. "आत्या, कुठं आहात? विरुपाक्षदादांचा फोन आला. मामा तिथं आहेत, कोर्सला."

"कुनाच्या सोबत?"

"कुणाच्या नाही. एकटेच गेलेत."

रिक्षात बसल्यावर तिला उतरायचं ठिकाण सांगता येईना. "जितं भांडी विकत न्हाईत तितं," असं काहीतरी ती म्हणाली. रिक्षावाला समजूतदार, त्यानं दोनदा विचारून बरोबर आणून सोडलं.

धापा टाकत ती वर पोचली तेव्हा कोंडीबा गोलात, सगळ्यांसमोर उभा होता. भिंतीकडची खुर्ची सोडून तो आज तिच्या खुर्चीपाशी उभा होता. तिला दारात बघून तो म्हणाला, "बरं झालं आलीस. बस." मग तो वर्गाकडं वळला.

"तर मी ह्यास्नी सांगत व्हतो. रानात कदीमदी दोन कळप मिसळत्यात. तव्हा भांडायचं नसतंय. परत्येक मेंढराच्या कानाला खूण असती. ज्यानं त्यानं आपलं वळखायचं, मागल्या पायाला धरायचं आन आपल्या अंगाला वढून घ्यायचं." त्यानं श्वास घेतला. "आमच्या घरातबी दुखन्याचे दोन कळप मिसळल्यात. आठवडाभर बसून मी एकेक वळखत व्हतो. जेवनाला चव लागत न्हाय, ती खूण माझी. चारला जाग येती, माझी. पोराच्या घरात पाव्हणा वाटतोय, माझी. खुर्ची सोडत न्हाय, माझी. आन माझं काय काम हाय हितं..." चनबसप्पांनी पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं ती घेतली नाही. "त्येबी माझंच. हिनं खोटं सांगितलं म्हनून मला लई राग आला व्हता. पर मेंढरं माझी हाईत, तर राग कुनावर काढू? मला गोळी लागली तर घीन. सोमवारी जातो मी."

वैजयंती मॅडमनी मान हलवली. विरुपाक्ष पुढं झुकून बसला होता. बजाबाई दाराजवळच्या खुर्चीत बसली. हसू का रडू, तिला कळेना. देवा, उठला एकदाचा!

पण कोंडीबा खाली बसला नाही.

"पर एक ऱ्हातंय," तो म्हणाला. "दिसभर हाका मारती, ओ येत न्हाय. मग वाटतंय, मी हाय का न्हाय ह्या घरात. ह्येबी हिनं हितंच सांगितलं व्हतं. ह्येला मी उलटसुलट करून बगितलं. ह्येच्यावर माझी खूण न्हाय. मी कदी कुनाला हाकच मारली न्हाय."

"त्ये असंच तोंडातनं गेलं वो," बजाबाई घाईघाईनं म्हणाली. "बोलता बोलता."

"असंच न्हाय, बजा." तो तिच्याकडं आला आणि गुडघे कुरकुरत असतानाही तिच्यासमोर उकिडवा बसला. "समदं माझं सांगितलंस, त्यात ह्ये एकच तुझं व्हतं. आन ओ न देनारा मीच व्हतो. तुला काय झाल्यालं न्हाय म्हनालीस ना परवा? ह्ये खोटं बोललीस तू. बाकी समदं खरं."

बजाबाईला तिथं भरल्या वर्गात हुंदका आला. कंबरेचा पट्टा, कळप, टेम्पो, फ्लॅट, सून, नात, सगळं तिनं निभावून नेलं होतं आणि तिला काय होतंय हे तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. कॉलेजातल्या पोरीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. कुणी घाई केली नाही.

मग वैजयंती मॅडम हळूच म्हणाल्या, "बजाबाई, आज कोर्सला तुम्ही बसा. खरंच तुम्ही. काही सांगायचंय?"

बजाबाईनं डोळे पुसले. तोंड उघडलं, पण इतके शनिवार घडाघडा बोलणाऱ्या बाईला आज एक शब्द सापडेना. तिनं समोर बघितलं.

"अवो," ती म्हणाली.

"ओ," कोंडीबा म्हणाला.

ती थांबली. पुढं काय बोलायचं होतं ते तिला आठवेना. "काय न्हाय," ती म्हणाली, "नुसती हाक मारली."

"मार की आनकी," कोंडीबा म्हणाला. "मी हितंच हाय."